शुभा, मी अजून तुझी वकील आहे

शुभा,

तुझ्यावरचा दावा फेटाळला गेला. शेवट आधी सांगते, कारण कुठलीही हकिगत तुला सुरुवातीपासून ऐकवत नसे. कॉलेजात मी सिनेमाची गोष्ट सांगायला लागले की तू नावाने हाक मारून मध्येच अडवायचीस. "मित्रा, शेवटी काय होतं ते आधी सांग, मग तुझं बाकीचं सांग." तर शेवट असा झाला. तू कुणाला फसवलं नाहीस, हे न्यायाधिकरणाने लिहून दिलं. ते वाचायला तू नव्हतीस.

लोक मला अजून विचारतात, गेलेल्या माणसाचा कसला खटला लढतेस? माझ्या आईनेही विचारलं. तळा गावच्या आमच्या घरी तुझ्यासाठी मेणबत्ती लावून आम्ही बुद्धवंदना म्हटली, आणि नंतर चहा घेताना ती म्हणाली, "ती सुटली ना यातून? मग आता कोण कुणाविरुद्ध?" मी तिला समजावलं ते असं. कंपनी बुडाली की तिचं असेल नसेल ते विकून देणी भागवायला लिक्विडेटर नेमतात. त्याला वाटलं की कंपनी बुडणार हे माहीत असूनही संचालकांनी ती चालवत ठेवली आणि लोकांचं नुकसान वाढवलं, तर तो म्हणू शकतो की हे आता तुमच्या स्वतःच्या घरादारातून भरा. माणूस गेला तरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर हा दावा चालू राहतो. तुझ्यामागे नागावचं घर होतं, थोडी वाडी होती, आणि त्या घरात काकू, तुझी आई, होत्या.

आईने कपबशी बाजूला सारली. मग म्हणाली, "मग तू अजून तिचीच वकील आहेस."

तुझी कंपनी मी पहिल्या दिवसापासून पाहिली होती. तू फूड टेक्नॉलॉजी शिकून आलीस आणि मुंबईची नोकरी सोडून म्हणालीस, आपल्याकडचे नारळ व्यापारी उचलतो, आपण स्वतः तेल काढायचं. तुझ्याबरोबर शिकलेला विनय दुसरा संचालक झाला. तो मुंबईत गिऱ्हाईकं बघायचा, तू इथे घाणा, टाक्या, बाटल्या आणि माणसं. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, सगळीकडचे वाडीवाले तुझ्याकडे नारळ घालायला लागले. सगळ्यांत आधी आली ती तुझ्या कुंपणापलीकडची शकूमावशी. नवरा गेल्यावर मावशीने एकटीने वाडी सांभाळली होती. तिच्या अंगणात वाढलेली मुलगी कारखाना काढते म्हटल्यावर ती पहिले नारळ घेऊन स्वतः आली, आणि तुझ्या नव्या शेडच्या दारात एक फोडून गेली.

मग वादळ आलं. त्याबद्दल तुला काही सांगायची गरज नाही, तू ते घरात बसून काढलंस. मी चार दिवसांनी रस्ते मोकळे झाल्यावर अलिबागहून आले, तेव्हा तू शेडच्या उडालेल्या पत्र्यांकडे बघतच नव्हतीस. तू मावशीच्या वाडीत उभी होतीस. पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. मावशी एकेका झाडाला हात लावून बघत होती आणि तू तिच्यामागून चालत होतीस. तू मला एवढंच म्हणालीस, "माड परत लावला तर फळाला किती वर्षं लागतात माहितीये ना?"

तरी तू पत्रे घातलेस. बँकेने नवं कर्ज दिलं, दक्षिणेतून ट्रकने नारळ आणलेस. ते महाग पडले, गिऱ्हाईकं गेली. आणि पुढच्या मार्चमध्ये, तुझ्याच शब्दांत सांगायचं तर, तुला कळलं.

लिक्विडेटरची नोटीस आली तेव्हा तू माझ्या ऑफिसात आलीस तो दिवस मला आठवतो. कोर्टासमोरचं माझं ते अरुंद ऑफिस, पंखा चालू केला की कागद उडायचे म्हणून तू पंखा बंद करायला लावलास. घामाघूम होऊन आपण दोघी बसलो होतो. विनयचं उत्तर आधीच दाखल झालं होतं. त्यात त्याने म्हटलं होतं की तो फक्त नावापुरता संचालक होता, सगळे निर्णय तुझे. मी वकील म्हणून पहिला विचार केला तो हाच, की आपणही तसंच काहीतरी म्हणू. हिशेब विनय बघायचा, धोका किती मोठा आहे हे तुला उशिरा कळलं, असं.

"पण मला माहीत होतं," तू म्हणालीस.

"कधीपासून?"

"मार्चपासून. त्याच्या आधी आशा होती. मार्चमध्ये उरली नाही."

"शुभा, तू हे मला वकील म्हणून सांगतेयस की मैत्रीण म्हणून?"

"दोन्ही म्हणून. मला माहीत नव्हतं असं तू लिहिलंस तर मी सही करणार नाही."

मी त्या दिवशी वैतागले होते. तू गेल्यावर मी कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं, आणि तेव्हा मला जाणवलं की तू तुझा बचाव माझ्या हातात देऊन गेली होतीस. कायदा असं म्हणतच नाही की माहीत असणं हा गुन्हा आहे. धंदा बुडतो. इथे वादळात बुडतो, दुसरीकडे आणखी कशाने बुडतो, आणि तो बुडतोय हे सगळ्यांत आधी संचालकालाच दिसतं. कायदा विचारतो ते एवढंच, की दिसल्यावर तू काय केलंस? लोकांचं नुकसान कमी व्हावं म्हणून धडपडलीस, की गप्प बसून आणखी लोकांना आत ओढलंस?

मग आपण त्या एकाच प्रश्नाला लागलो. मी विचारत गेले, तू सांगत गेलीस. मार्चनंतर तू स्वतःचा पगार घेतला नाहीस. बँकेला कळवलंस. नवी ऑर्डर घेतली नाहीस. टाक्यांमध्ये तेल होतं, ते तसंच पडलं असतं तर खराब झालं असतं, म्हणून माणसं कामावर ठेवून ते बाटल्यांत भरून विकलंस, आणि त्यासाठीच कारखाना आणखी काही महिने चालवलास. लिक्विडेटरचा आक्षेप नेमका त्या महिन्यांवर होता. आणि एक गोष्ट तू अगदी सहज बोलून गेलीस. मार्चच्या शेवटी तू सगळ्या वाडीवाल्यांना शेडमध्ये बोलावलंस आणि सांगितलंस की आता माझ्याकडे उधारीवर नारळ घालू नका.

"हे कुठे लिहिलंयस?"

"लिहायचं काय त्यात? समोर बसले होते सगळे. तोंडाने सांगितलं."

तिथेच आपलं घोडं अडलं. लिक्विडेटरच्या वकिलांनी उत्तर दिलं की अशी बैठक झालीच नाही. आणि झाली असती, तर मग शकुंतलाबाईंनी, म्हणजे शकूमावशीने, त्यानंतरही नारळ कसे घातले? त्यांनी लिक्विडेटरकडे थकलेल्या पैशांची मागणी नोंदवली होती, तिच्यावर तारखा स्पष्ट होत्या. जी बाई लोकांना नारळ घालू नका म्हणते, तीच शेजारणीकडून नारळ घेते, असा त्यांचा सरळ मुद्दा होता.

मी तुला विचारलं, "मावशीचे नारळ का घेतलेस?"

"घेतले," तू म्हणालीस.

"ते मला कळलं. पण का?"

"घेतले ना मी. बस्स. पुढचं विचार."

पुढचं काही नव्हतं, शुभा. सगळं तिथेच अडलं होतं. मी बाकीच्या वाडीवाल्यांकडे गेले. कुणी म्हणालं आठवत नाही, कुणी म्हणालं आमचे पैसे बुडाले आणि वर आम्हीच साक्ष द्यायची काय. त्यांचा राग मला कळत होता. तळ्याला माझे वडील शिक्षक होते म्हणून आमचा पगार दर महिन्याला आला. आमच्या आळीतल्या ज्यांच्या घरी तो आला नाही, त्यांच्याकडे मी लहानपणापासून पाहिलंय. कंपन्यांच्या मालकांची वकिली मी करते यावरून माझा भाऊ मला आजही टोमणे मारतो. म्हणून त्यांच्यापैकी कुणावरही मी जोर केला नाही. मावशीच्या दारात मात्र मी गेलेच नाही. तूच मला शपथ घातली होतीस.

"तिला यात आणायचं नाही. ती माझ्याशी बोलत नाही, तेच बरोबर आहे."

कारखाना बंद पडल्यापासून मावशी तुझ्याशी बोलत नव्हती. कुंपणाला लागून दोघींच्या विहिरी, दोघी एकाच वेळी पाणी शिंपायला बाहेर यायच्या, आणि ती तुझ्याकडे पाठ करून उभी राहायची. काकूंनी सांगितलं, गणपतीचा प्रसादही तिने परत पाठवला.

आणि मग तुझं दुखणं निघालं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. इस्पितळातल्या आपल्या शेवटच्या भांडणाबद्दल मात्र लिहिणार आहे, कारण ते अर्धं राहिलं.

तू उशीला टेकून बसली होतीस. आवाज खोल गेला होता, पण हट्ट होता तसाच. म्हणालीस, "सोडून दे मित्रा. कबूल करून टाक. घर गेलं तर गेलं. लोकांचं गेलंय, माझंही जाऊ दे."

"घर विकून आलेलं मावशीला मिळेल असं वाटतं तुला? आधी बँक उभी आहे रांगेत."

"मिळो न मिळो. मला झोप लागेल."

"आणि काकू कुठे झोपतील?"

तू डोळे मिटलेस. मी पुढे बोलत राहिले. म्हटलं, तू त्यांचं देणं लागतेस असं तुला मनातून वाटतं, ते मला मान्य आहे. पण हा दावा देण्याचा नाही, फसवणुकीचा आहे. तू हो म्हणालीस तर कागदावर असं राहील की नागावच्या एका बाईने शेजाऱ्यांना जाणूनबुजून बुडवलं. ते खोटं आहे. 'मला माहीत नव्हतं' हे खोटं लिहून द्यायला तू तयार नव्हतीस, मग 'मी फसवलं' हे खोटं का लिहून देतेस?

तू डोळे न उघडता म्हणालीस, "तुला सगळं माहीत नाही."

"मग सांग."

तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं. दारातून मी म्हटलं, "उद्या येते, उद्या बोलू." तू हात हलवलास. त्यानंतर आपण बोललो नाही. तू शुद्धीवर नव्हतीस.

मी भांडले याचं मला वाईट वाटत नाही. तुला ऐकू येत असतं तर परत तेच भांडले असते.

तुला नेलं तेव्हा शकूमावशी कुंपणापाशी उभी होती. पलीकडे. अलीकडे आली नाही. डोक्यावरून पदर घेतलेला, दोन्ही हातांनी तार धरलेली. सगळे गेले तरी ती तिथेच होती, असं काकू नंतर म्हणाल्या.

तुझं कार्य होऊन थोडे दिवस झाले आणि लिक्विडेटरच्या वकिलांचा फोन आला. माणूस वाईट नाही, त्याचं काम करतो. म्हणाला, मॅडम, आता वारस म्हणून तिची आई. म्हाताऱ्या बाईला मुंबईच्या फेऱ्या कशाला? वाडीचा मागचा भाग सोडून द्या, दावा मान्य करा, घराला आम्ही हात लावत नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. माझं कर्तव्य होतं ते.

काकूंच्या पडवीत बसून मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की शुभा सोडून द्या म्हणत होती. लपवून ठेवलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण आता अशील त्या होत्या आणि त्यांना कळायला हवं होतं. काकू ताकाचं भांडं मांडीवर घेऊन ऐकत होत्या. तुझ्या उलट त्या मधे बोलत नाहीत, शेवटी बोलतात.

"मान्य करा म्हणजे काय मान्य करायचं?"

"की तिने जाणूनबुजून लोकांचं नुकसान केलं."

"आणि मग मागची वाडी त्यांची, घर माझं?"

"हो."

"माझ्या पोरीला लबाड म्हणायचं, आणि त्या बदल्यात मी या पडवीत बसून राहायचं." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "ती सोडून दे म्हणाली असेल. ती तशीच होती. पण ती गेली ग. आता घर माझं आहे आणि नावही मलाच सांभाळायचंय. तू लढ. घर गेलं तर मी तळ्याला तुझ्या आईकडे येऊन राहीन."

मी हसले, त्याही हसल्या. तू गेल्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

पडवीतलं बोलणं कुंपणापलीकडे गेलं असावं. नागावात काही लपत नाही, तुला माहीत आहे. मी निघायला गाडी काढत होते तर फाटकातून शकूमावशी आत आली. किती दिवसांनी त्या अंगणात पाऊल ठेवत होती. काकूंकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली.

"तू ती वकील ना? माझ्या नारळांवरनं काय चाललंय तुमचं?"

मी सांगितलं. बैठकीचंही सांगितलं, तारखांचंही.

"बैठक झाली न्हाय असं कोन म्हनतो? मी हुते ना. पुढंच बसलेले. आमाला बोलावलंन, चहा दिलान, नि सांगितलंन, माझं काय खरं न्हाय, उधारीवर घालू नका."

"मग तुम्ही त्यानंतर नारळ घातलेत ते कसे?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. "ती नकोच म्हनत हुती. मीच वतून आले. वादळातनं वाचलेले चार माड, त्याचे नारळ. तो व्यापारी मातीमोल दर देत हुता. मी म्हटलं, शुभा, तुझ्याशिवाय मी कुनाला देनार न्हाय, तुला जमेल तवा दे. ती म्हनाली, मावशी, न्हाय जमायचं, उचल. मी तिथंच टाकून घरला आले. दुसऱ्या दिशी बी नेऊन टाकले."

"आणि तिने ते परत पाठवले नाहीत?"

"पाठवलन. गाडीत भरून. मी फाटक उघडलं न्हाय."

काकूंनी तोंडावर हात धरला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे हे होतं तुझं "तुला सगळं माहीत नाही". हे एक वाक्य सांगितलं असतंस तर तुझा बचाव पहिल्याच तारखेला उभा राहिला असता. पण मग लिहावं लागलं असतं की शकुंतलाबाईंनी स्वतःच्या हट्टाने नारळ घातले, आणि तिची मागणी अडचणीत आली असती. तुला ते नको होतं. तू फसवणूक पत्करायला निघालीस, पण त्या बाईच्या हट्टाचा उल्लेख करायला तयार नव्हतीस. शुभा, मी यासाठी तुझ्यावर रागावले आहे आणि रागावलेलीच राहणार आहे. तुझ्याएवढी चांगली माणसं वकिलाला फार त्रास देतात.

मी मावशीला स्पष्ट सांगितलं की हे तुम्ही न्यायाधिकरणापुढे सांगितलंत तर तुमच्या मागणीवर परिणाम होऊ शकतो, दुसऱ्या वकिलाला विचारून मग ठरवा. ती म्हणाली, "मला काय मिळनार हाय ते मला दिसतंय. प्रतिज्ञापत्र का काय ते लिही. पन मी बोलले तेवढंच लिही, त्यात गोड काय घालू नको."

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघी मांडव्याहून लाँचने निघालो. काकूंना समुद्र लागतो, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. मावशी खिडकीशी बसली आणि पूर्ण वेळ बाहेर बघत राहिली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण उतरताना बोट हलली तेव्हा मावशीने काकूंचा दंड धरला आणि धक्क्यावर पाय टेकेपर्यंत सोडला नाही.

समोरच्या वकिलांनी मावशीला प्रश्न विचारायची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली. न्यायाधिकरणाच्या एका सदस्यांना मराठी येत होतं, दुसऱ्यांसाठी तिथला एक अधिकारी इंग्रजीत सांगत होता. मावशी त्या चकचकीत खोलीत नऊवारी नेसून उभी होती आणि जराही दबली नव्हती. वकिलांनी आधी बैठकीचं विचारलं, तिने सांगितलं. नारळांचं विचारलं, तेही सांगितलं. मग ते म्हणाले,

"तुमचे पैसे बुडाले ना बाई? तरी तुम्ही तिच्या बाजूने बोलताय. शेजारधर्म म्हणून?"

"मी कुनाच्याच बाजूनं न्हाय. तुमी इचारलंत काय झालं. ते सांगितलं."

"तिच्यावर राग नाही तुमचा?"

"हाय. अजून हाय."

वकील खूश झाले. "का बरं राग आहे? तिने फसवलं म्हणूनच ना?"

"न्हाय. फसवलन असतं तर मी पोलिसात गेले असते." मावशी थांबली. तिने पहिल्यांदा मान खाली घातली. "एवढी शिकलेली, कंपनीवाली. मी येड्यासारखी नारळ टाकून जात हुते तवा तिनं मला दटावून हाकलून देयाला हवं हुतं. माझ्यापुढं तिला मोठ्यानं बोलता आलं न्हाय. लहानपनापासनं न्हाय आलं. ह्याचा राग हाय."

मराठी येणाऱ्या सदस्यांनी पेन खाली ठेवलं. अधिकारी भाषांतर करायला थोडा थांबला. वकील म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

मग मी युक्तिवाद केला. तू असतीस तर बाहेर येऊन म्हणाली असतीस की फार लांबवलंस. मी म्हटलं, कंपनीच्या दिवंगत संचालिकांना मार्चमध्ये माहीत होतं, हे आम्ही पहिल्या दिवसापासून मान्य केलं आहे. त्यांनी त्यातून पळ काढला नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं, जे विकता येईल ते वाया जाऊ न देता विकलं, आणि आलेला माल परतही पाठवला. यापेक्षा जास्त काय करायचं असतं ते लिक्विडेटरनी सांगावं. प्रत्येक बुडालेल्या धंद्याच्या चालकाला आपण लबाड म्हणायला लागलो, तर प्रामाणिक माणूस संकट दिसताच पहिल्या दिवशी राजीनामा देऊन निघून जाईल, आणि मागे राहिलेल्या लोकांना सांगायलाही कुणी उरणार नाही. हे मी तुझ्यासाठी म्हटलं, पण तुझ्यापुरतं म्हटलं नाही.

निकालात त्यांनी लिहिलं आहे की संकट ओळखल्यावर तू नुकसान कमी करायचा प्रयत्न केलास, आणि प्रयत्न पुरा पडला नाही म्हणून तो अप्रामाणिक ठरत नाही. मी काकूंना ते मराठीत दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी त्या उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या.

वाडीवाल्यांच्या हाती मात्र यातून काही आलं नाही, हेही तुला सांगायला हवं. मावशीलाही नाही. तुझं म्हणणं तिथे खरं होतं, लोकांचं गेलं ते गेलंच. निकालाने ते भरून येत नाही आणि येईल असं मी कधी म्हटलं नव्हतं.

काकूंनी त्यावर त्यांच्या परीने मार्ग काढला. आपल्या वाडीत वादळातून वाचलेले माड आहेत ना, विहिरीकडचे, त्यांचं या हंगामातलं पीक त्यांनी मावशीला देऊन टाकलं. मला कळलं तेव्हा मी धावत गेले. म्हटलं, काकू, लिक्विडेटरने अपील केलंय, प्रकरण दिल्लीला चाललंय. आत्ता असं काही दिलंत तर ते म्हणतील तुम्ही देणं कबूल केलं. कायद्याने तुम्ही तिचं काही लागत नाही.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "लागत नाही म्हणूनच देतेय. लागत असते तर त्यांनी नेलं असतं, मी दिलं असं झालं नसतं."

मी मावशीकडे वळले. वाटलं, ती तरी नको म्हणेल. ती पाडेकऱ्याला माडावर चढवून खालून ओरडत होती की कोवळे काढू नको.

"मी नको कशाला म्हनू?" ती म्हणाली. "तुला काय दिल्लीत सांगायचं ते सांग. शेजारनीनं नारळ दिलान असं सांग."

इस्पितळातलं आपलं भांडण अजून कुणी जिंकलेलं नाही, शुभा. तू असतीस तर पडवीत बसून आपण ते पुढे चालवलं असतं आणि काकूंनी मधे ताक आणून ठेवलं असतं. तू मला किती प्रकारे हवी आहेस ते इथे लिहीत बसले तर काम राहील. तू मला सरळ वागायला भाग पाडलंस, खोटा बचाव करू दिला नाहीस, आणि त्यामुळे मला खरा सापडला. आता माझ्या ऑफिसात असे आणखी लोक येतात. बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांचे, बोटींचे, हॉटेलांचे संचालक, घाबरलेले. मी त्यांना आधी एकच विचारते, कळल्यावर तुम्ही काय केलंत? काही जण उत्तर देतात. काही जण उठून जातात. त्यांना मी थांबवत नाही.

अपिलाचं उत्तर मी काल पुरं केलं. त्यात तुझ्या नावापुढे आता 'मयत' लिहावं लागतं. पहिल्या वेळी तो शब्द टाइप करताना मी खुर्ची सोडून उठले होते. काल नाही उठले. तुझं नाव लिहिलं, पुढे तो शब्द लिहिला, त्याखाली वारस म्हणून काकूंचं नाव, त्याखाली वकील म्हणून माझं, आणि सही केली. सोमवारी दिल्लीला निघते.

मित्रा